लय जवळ

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मराठी विभागाची संपादिका माझी रूममेट आहे, हे या लेखामागचं खरं कारण. गेला महिनाभर ती माझ्या उशाशी बसून ‘लेख दे’ म्हणतेय. मी म्हटलं, बाई गं, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला. माझे ऱ्हस्व-दीर्घ नशिबावर सोडलेले असतात. ती म्हणाली, शुद्धलेखन मी बघते, तू लिही. फक्त मेसचं जेवण, सबमिशन आणि पहिला पाऊस हे तीन विषय सोड, त्यांवर प्रत्येकी चार लेख येऊन पडलेत!

मग उरलं काय? शिडाची होडी.

मी सेलिंग करायचे हे विंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. ‘सेलिंग’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पांढरी यॉट आणि हातात सरबताचा ग्लास घेतलेला हिरो येतो. मित्रांनो, तसं काही नसतं. मी चालवायचे त्या होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. लांबी 2.36 मीटर, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या कॉटपेक्षा थोडीशीच जास्त. वजन सुमारे 35 किलो. एक शीड, एक सुकाणू, मध्ये पाण्यात सोडायची फळी (तिला डॅगरबोर्ड म्हणतात) आणि आत एकच मूल. पुढून बघितलं तर चक्क खोकं! 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडामधल्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने ती काढली. प्लायवूडच्या 4 फूट बाय 8 फूट मापाच्या शीटमधून, कुणालाही घरी बनवता येईल अशी मुलांची होडी त्याला हवी होती. म्हणून लांबी आठ फुटांच्या आत आणि नाक चपटं. आपल्या डिझाईनच्या सरांना हे उदाहरण फार आवडेल. शीट जेवढी तेवढी होडी! आता ती फायबरची असते, पण आकार तोच राहिला. वयाची 15 वर्षं होतात त्या वर्षापर्यंत तिच्यातून शर्यतीत उतरता येतं, मग ती सोडावी लागते.

मी दहा ते पंधरा अशी पाच वर्षं मुंबई बंदरात ती चालवली. या वर्षी पेपर संपल्यावर मे महिन्यात घरी गेले, तेव्हा क्लबच्या सरांचा फोन आला. उन्हाळी शिबिरात बावीस नवीन मुलं आलीत, मदतीला ये. आणि हो, पहिल्या रविवारी पालकांची मीटिंग आहे, ती तूच घे. मी म्हटलं, मुलांचं ठीक आहे, पालकांना मी काय सांगणार? सर म्हणाले, “मुलं आठ दिवसांत शिकतात. पालकांना दोन सीझन लागतात.”

मुलांचं खरंच सोपं असतं. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना शर्यत वगैरे काही सांगत नाही. लाइफ जॅकेट घालून, त्याला शिट्टी बांधून किनाऱ्यालगत होडीत बसवायचं आणि होडी मुद्दाम उलटी करायची. एकदा उलटली की भीती निम्मी होते. होडीत हवेच्या तीन पिशव्या असतात, त्यामुळे ती बुडत नाही. मुलाने फक्त एक गोष्ट पाठ करायची : होडी सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसो, पोहत निघायचं नाही, होडीला धरून राहायचं. मग खालून वर आलेल्या डॅगरबोर्डवर भार टाकायचा. हळूहळू शीड पाण्यातून सुटतं आणि होडी सरळ होते, पण काठोकाठ भरलेली. आत चढायचं आणि डबड्याने पाणी उपसत बसायचं. ते डबडं दोरीने होडीला बांधलेलंच पाहिजे. बांधलं नसेल तर ते होडीच्या आधी एलिफंटाला पोचतं!

दुसऱ्या दिवसापासून वारा. वाऱ्याच्या अगदी तोंडावर कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. साधारण 45 अंशांचा कोन ठेवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, असं नागमोडी जावं लागतं. बंदर शहराच्या पूर्वेला आणि दुपारचा वारा पश्चिमेकडून, म्हणजे तो कुलाब्याच्या इमारतींवरून घरंगळत येतो. कधी गपकन थांबतो, कधी कानाखाली मारल्यासारखा येतो. शिवाय भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी 4 मीटरहून जास्त चढतं-उतरतं. त्या ओढीत वारा पडला तर होडी पुढे तोंड करून मागे जाते. भरती कधी हे शोधायला आज मोबाइल आहे, पण आमच्या सरांनी आम्हाला कोळ्यांचा हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. कॉन्व्हेंटमध्ये तिथी कोण शिकवणार? मी आजीकडून कालनिर्णय बघायला शिकले ते सेलिंगसाठी. आजीला वाटलं, नात धार्मिक झाली!

असो. मीटिंगकडे येते.

बावीस मुलांचे एकतीस पालक आले होते, एका मुलाबरोबर तर आजी-आजोबा दोघंही. मी फळ्यावर होडी काढली. बाबा मला सोडायला आले होते, ते मागच्या खुर्चीत बसले. माझी जुनी होडी त्यांनी क्लबलाच देऊन टाकली आहे. ती आता एक नऊ वर्षांची मुलगी चालवते.

पहिला प्रश्न अपेक्षित होता. “बुडणार नाही ना गं?” म्हटलं, काकू, मूल बुडणार नाही, पण होडी उलटणार आहे. शिबिरात कमीत कमी दहा वेळा. तेव्हा किंचाळायचं नाही. दुसरा प्रश्नही अपेक्षित होता. “यात पुढे स्कोप काय?” त्यांना सांगितलं, 1982 च्या दिल्ली एशियाडचं सेलिंग इथेच मुंबईत झालं आणि फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल होडीत सुवर्णपदक मिळवलं. टोकियोला 2021 मध्ये आपले चार सेलर होते, त्यांत नेत्रा कुमानन ही ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला सेलर. 2023 मध्ये हांगझौच्या एशियाडमध्ये नेहा ठाकूरला रौप्य. ती मध्य प्रदेशातल्या देवासची, शेतकऱ्याची मुलगी, भोपाळच्या तलावावर शिकलेली. समुद्र लागतोच असं नाही. पण पालकांना हेही सांगितलं, की बावीस मुलांतली वीस चौथ्या वर्षापर्यंत सेलिंग सोडतील, मग ते मूल तोपर्यंत मजेत असलं तर काय वाईट? यावर कुणी काही बोललं नाही.

मग मी माझी यादी सांगितली. होडी मुलालाच जोडू द्या. डोलकाठीला शीड बांधायला त्याला चाळीस मिनिटं लागतील, तुम्हाला दहा, तरी हात लावू नका, कारण पाण्यात गाठ सुटली तर तुम्ही तिथे नसता. ट्रॉली ओढायला मात्र या, ती जड असते. कोरडे कपडे आणि चपाती-भाजी आणा, चिप्स नको. पाण्यातून आल्यावर ‘कितवा आलास?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. विचारायचंच असेल तर ‘वारा कसा होता?’ विचारा. मूल पंधरा मिनिटं बोलेल, आणि त्यात कितवा आला ते आपोआप येईल. (हे माझं स्वतःचं संशोधन आहे. रेफरन्स नाही.) आणि किनाऱ्यावरून किंवा लाँचवरून ओरडून सूचना देऊ नका. शर्यत सुरू असताना बाहेरून मदत घेणं नियमाविरुद्ध आहे. 2017 पासून तर शर्यतींच्या नियमपुस्तकात ‘सपोर्ट पर्सन’ म्हणून आई-वडिलांचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्या गैरवागणुकीची शिक्षा तुमच्या मुलाला होऊ शकते. हे ऐकून दोन-तीन काका सरळ बसले.

शर्यत कशी सुरू होते तेही सांगितलं. एक बोट आणि एक बोया यांच्यामध्ये काल्पनिक रेषा. पाच मिनिटं आधी झेंडा वर, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट आधी तो खाली, मग शून्य. घोड्यांसारखं एका जागी उभं राहता येत नाही, होड्या सतत सरकत असतात. शून्याच्या आधी नाक रेषेपलीकडे गेलं तर परत यायचं, नाही आलात तर ती शर्यत गेली. गुण उलटे. पहिल्याला 1, दुसऱ्याला 2. सगळ्यात कमी गुणांचा जिंकतो. बऱ्याच शर्यतींतून एक सगळ्यात वाईट निकाल सोडून देतात.

तेवढ्यात मागून एका काकांनी विचारलं, “पण रेफ्री कुठे असतो? कुणी चीटिंग केली तर?”

मी म्हटलं, रेफ्री नसतो. म्हणजे कमिटी असते, पण तिचं लक्ष सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर. मधल्या पाण्यात तीस होड्या असतात आणि तिथे ज्याने नियम मोडला त्यानेच तो मान्य करायचा असतो. दुसऱ्या होडीच्या वाटेत आलात तर बाजूला होऊन लगेच दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. बोयाला लागलात तर एक. अर्ध्या मिनिटाचं काम. नाही घेतल्या तर समोरचा ‘प्रोटेस्ट’ म्हणून ओरडतो आणि किनाऱ्यावर आल्यावर लेखी तक्रार करतो. मग सुनावणी.

काका म्हणाले, “आणि खोटं बोललं तर?”

मी म्हटलं, नियम आहे त्यालाही. आणि घाईघाईने चहा सांगितला.

आता इथून पुढचं मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.

डिसेंबर 2019. मी चौदा वर्षांची. पावसाळ्यात मुंबईचं सेलिंग बंद असतं, पण हैदराबादला हुसेनसागरावर शर्यती होतात. त्या वर्षी जुलैत आम्ही तिथे जाऊन आलो होतो आणि मी अठरावी आले होते. बाबा परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नव्हते. ते रागावले नव्हते, थकले होते. ठाण्याहून कुलाब्याला दर शनिवार-रविवार पहाटे निघायचं, पाच वर्षं! माझी जुनी होडी घ्यायला त्यांनी दोन महिन्यांच्या पगाराइतके पैसे घातले होते. बाबा चाळीत वाढले. अशा क्लबात ते पहिल्यांदा आले ते माझा हात धरून, आणि कुठल्या दारातून आत जायचं हे त्यांनी वॉचमनला विचारलं होतं.

तर डिसेंबरची शर्यत मुंबईतच होती. 31 होड्या, सहा शर्यती. पहिल्याच शर्यतीत माझं नाक शून्याआधी रेषेपलीकडे गेलं आणि मला कळलंच नाही, म्हणून 32 गुण. तो निकाल सोडून द्यायचा ठरला. पुढच्या चार चांगल्या गेल्या. शेवटची शर्यत. वरच्या बोयाकडे जाताना मी पोर्ट टॅकवर होते, म्हणजे वारा डाव्या बाजूने. समोरून एक मुलगा स्टारबोर्डवर आला, वारा उजवीकडून. नियम नंबर 10, सेलिंगमधला अ-आ-इ-ई : पोर्टवाल्याने स्टारबोर्डवाल्याला वाट द्यायची. तो ओरडला, “स्टारबोर्ड!” मला वाटलं, मी निघून जाईन पुढून.

नाही निघू शकले. शेवटच्या क्षणी त्याने सुकाणू ओढलं आणि त्याच्या होडीचं नाक माझ्या मागून गेलं. वीतभर अंतरावरून. त्याच्या नाकावर चिकटवलेली निळी टेप मला दिसली, तिचं टोक सुटलेलं होतं. तो ओरडला, “प्रोटेस्ट!” त्या वळणात त्याच्या पाच-सहा जागा गेल्या. मी गिरक्या घ्यायला हव्या होत्या. मी समोर बघितलं आणि गेले.

किनाऱ्यावर कळलं की त्याने तक्रार केलीय. मला शर्यतीतून बाद केलं असतं तर आणखी 32, आणि दोन 32 काही सोडून देता येत नाहीत. म्हणजे मी तिसऱ्या नंबरावरून थेट बाहेर. बाबा पालकांच्या लाँचवर होते. ते मला झाडाखाली घेऊन गेले. “किती अंतर होतं?” मी म्हटलं, माहीत नाही. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, “दीड होडी तरी असेल. दीड म्हण. त्याने उगाचच आधी वळवली असं म्हण.” मी म्हटलं, बरं.

(तुम्ही सगळे लॅबमध्ये रीडिंग कसं ‘मॅनेज’ करता ते मला माहीत आहे. ग्राफवर बसत नाही तो पॉइंट जरा सरकवायचा. तसंच होतं ते.)

सुनावणीत तीन जज, टेबलावर प्लास्टिकच्या छोट्या होड्या. त्याच्या फॉर्मवर तीन ओळी. माझ्याकडे अख्खं पान, आकृतीसकट, इंग्लिशमध्ये. तो साताऱ्याकडच्या एका खेड्यातला होता. मुलांना निवडून खेळात तयार करतात अशा एका केंद्रातून आलेला, आणि समुद्र त्याने तिथे आल्यावरच पहिल्यांदा पाहिला होता. पण होडी माझ्यापेक्षा छान चालवायचा. जज त्याला म्हणाले, हिंदीत बोल. त्याची हिंदी अडखळायला लागली. किती होडीचं अंतर होतं, विचारलं. त्याने दोन्ही हात वर करून वीतभर दाखवलं आणि त्याला हिंदी सापडेना, म्हणून तो मराठीतच म्हणाला,

“लय जवळ होती, सर. लय जवळ.”

जजना मराठी येत नव्हतं. त्यांतल्या एकाने सहज माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणतोय? तो मुलगाही माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असेल, ही आपल्यातली आहे, नीट सांगेल.

मी म्हटलं, “ही सेज वी वेअर क्लोज, सर.”

बस. एक शब्द गाळला. खोटंसुद्धा म्हणता येणार नाही असं भाषांतर. मग मी प्लास्टिकच्या होड्या मांडून दीड होडीचं अंतर दाखवलं. माझ्या मनात वाक्यं तयार होती. त्याची तक्रार फेटाळली. मी तिसरी, तो दोन गुणांनी चौथा. बक्षीस समारंभात त्याने टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना तो मला म्हणाला, “तुमचं इंग्लिश लय भारी आहे, ताई.” आम्ही जवळजवळ एकाच वयाचे होतो! टोमणा होता की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. पुढे मार्चमध्ये लॉकडाऊन झालं, 2020 मध्ये माझी पंधरा पूर्ण झाली आणि ऑप्टिमिस्ट सुटली. नंतर मोठी होडी घेऊया असं बाबा म्हणाले होते. मी म्हटलं, दहावी आहे. मग बारावी होती, मग सीईटी. कारणं मिळत गेली.

तर या मे महिन्यात, मीटिंग संपवून आम्ही ठाण्याला निघालो. फ्रीवेवर गाडी लागली आणि मी काही ठरवलं नव्हतं, पण बोलले. म्हटलं, “बाबा, दीड होडी नव्हतं.”

बाबांनी कुठली होडी, कधी, काहीच विचारलं नाही. म्हणाले, “माहीत आहे.”

मी म्हटलं, म्हणजे?

“दुर्बीण होती ना माझ्याकडे. तुझ्या आत्याने दिलेली. मला दिसलं होतं.” मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “मला वाटलं, तुला कळलंच नसेल. पाण्यात अंदाज येत नाही म्हणतात. तू माहीत नाही म्हणालीस ना, म्हणून मी सांगितलं दीड. म्हटलं, खोटं झालंच तर ते माझं. तुझं नाही.”

आणि मी इतकी वर्षं समजत होते की बाबांना लाँचवरून काही दिसलं नाही, त्यांनी आपलं भाबडेपणाने दीड म्हटलं, आणि त्यांना खरं कळलं तर त्यांचे ते पाच वर्षांचे रविवार वाया गेले असं त्यांना वाटेल. घाटकोपरपर्यंत आम्ही दोघंही गप्प. घाटकोपरला बाबांनी गाडी बाजूला घेऊन दोन वडापाव आणले. त्यांना ॲसिडिटी आहे, वडापाव चालत नाही.

पुढच्या रविवारी मी त्या काकांना गाठलं आणि त्यांच्या प्रश्नाचा उरलेला भाग सांगितला. कोणाची शर्यत, कुठली, ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. बाबा तेव्हा ट्रॉल्या ओढायला गेले होते. हल्ली ते शिबिराला येतात, नात ना गोत असलेल्या मुलांच्या ट्रॉल्या ओढतात आणि पाण्यातून आलेल्या प्रत्येकाला ‘वारा कसा होता?’ विचारतात. दुर्बीण घरीच ठेवतात.

तो मुलगा आता मोठ्या होडीत उतरतो असं सर म्हणाले. मी त्याला पत्र लिहिलंय. अर्धं पान, मराठीत. फोन करता आला असता, पण फोनवर मी परत छान बोलले असते. पत्र अजून टाकलेलं नाही, पत्ता सर देणार आहेत. दोन्ही, पत्र आणि हा लेख, रूममेटने तपासलेत. सतरा ऱ्हस्व-दीर्घ निघाले. शीर्षकातलं ‘लय’ तिने लाल पेनाने खोडून ‘खूप’ केलं होतं, ते मी परत ‘लय’ केलं.